औषधाला न जुमानणारा जंतू आणि बायकांचे हात

(परिचारिका दिनानिमित्त शिरूर अनंतपाळ येथे झालेल्या महिला मेळाव्यातील भाषणाचा मजकूर.)

आजच्या भाषणाचा विषय ऐकून तुमच्यातल्या काही जणी मला म्हणाल्या, "ताई, हा तर डॉक्टरांचा विषय. आपल्या मेळाव्यात हे कशाला?" प्रश्न रास्त आहे. आपण इथे दारूबंदीवर बोलतो, रोजगार हमीच्या मजुरीवर बोलतो, टाकलेल्या बाईच्या पोटगीवर बोलतो. मग जखमेतल्या पूवर का बोलायचं? माझं उत्तर साधं आहे. हा जंतू हातांवरून पसरतो आणि हातांनीच थांबतो. दवाखान्यात असो की घरात, आजाऱ्याची सेवा करणारे हात बहुतेक वेळा बाईचे असतात. म्हणून हा विषय आपला आहे.

मी डॉक्टर नाही, नर्सही नाही. समाजकार्याचं शिक्षण घेतलं आणि तेव्हापासून लातूर-नांदेड भागात बायकांबरोबर काम करते. बाईबरोबर दवाखान्यात जाणं, कागदपत्रं करणं, घरच्यांना समजावणं हे माझं काम. मी सांगणार आहे ते वॉर्डात उभं राहून पाहिलेलं आणि डॉक्टर-सिस्टरांना विचारून समजून घेतलेलं आहे.

आधी जंतूची ओळख करून घेऊ. त्याचं नाव स्टॅफिलोकॉकस ऑरिअस. आपण नुसतं स्टॅफ म्हणू. तो काही परका नाही. साधारण तीन माणसांत एकाच्या नाकात तो गुपचूप राहत असतो आणि त्या माणसाला काही होत नाही. कातडी शाबूत आहे तोवर त्याला आत वाट मिळत नाही. कातडी फाटली, टाके पडले, सुई टोचली, भाजलं, की तो आत शिरतो. केसतूड, गळू, टाक्यांत पू, अंगावर पाजणाऱ्या बाईच्या छातीत होणारी पूची गाठ, यामागे पुष्कळदा हाच असतो. रक्तात उतरला तर जिवावर बेततं.

गंमत अशी, की पहिलं मोठं जंतुनाशक औषध याच जंतूमुळे सापडलं. १९२८ साली लंडनमध्ये अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी काचेच्या ताटलीत हा स्टॅफ वाढवला होता. त्यावर बुरशी आली आणि बुरशीच्या आजूबाजूचे जंतू नाहीसे झाले. त्यातून पुढे पेनिसिलिन आलं. १९४५ साली नोबेल पारितोषिक घेताना फ्लेमिंग यांनीच बजावलं होतं, की औषध अपुरं घेतलं तर जंतू त्याला सरावतील. झालंही तसंच. पेनिसिलिन चालेना म्हणून १९५९ च्या सुमारास मेथिसिलिन काढलं, आणि १९६१ सालीच त्यालाही न जुमानणारा स्टॅफ इंग्लंडमध्ये सापडला. त्याचं इंग्रजी आद्याक्षरांचं नाव एम.आर.एस.ए. दवाखान्याच्या कागदावर ही चार अक्षरं दिसली, तर हाच तो.

आपल्या देशात किती? भारतातल्या १५ मोठ्या रुग्णालयांनी मिळून २००८ आणि २००९ साली पाहणी केली. तपासणीत जे स्टॅफ सापडले त्यांतले २००८ साली शंभरात ४२ आणि २००९ साली शंभरात ४० या जातीचे निघाले. हे मोठ्या रुग्णालयांचे आकडे आहेत. गावातल्या प्रत्येक गळवाला ते लावायचे नाहीत. पण ज्या रुग्णालयांत आपल्या बायका लातूर, नांदेड, सोलापूरला हलवल्या जातात, तिथे ही गाठ पडू शकते, हे आपल्याला ठाऊक असावं. २०१९ या एका वर्षात जगात लाखाहून अधिक माणसं या एका जंतूच्या औषधांना दाद न देण्यामुळे गेली.

आता आपल्या बाईशी याचा संबंध. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २०१९ ते २१ या काळात महाराष्ट्रात शंभरातली २५ बाळंतपणं पोट फाडून झाली. चारांत एक. त्यात कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रिया धरा, गर्भपिशवी काढण्याच्या धरा. शेजारच्या बीड जिल्ह्यात २०१९ साली ऊसतोड बायकांची सरकारी पाहणी झाली. सुमारे ८२ हजार बायकांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. आपल्या भागातल्या बाईच्या पोटावर सुरी चालते ती अशी. आणि प्रत्येक टाका ही या जंतूला उघडी खिडकी असते.

आपल्याच तालुक्यातल्या एका मुलीची हकिकत सांगते. नाव-गाव सांगत नाही. पहिलं बाळंतपण, सिझेरियन. आठव्या दिवशी टाक्यांतून पाणी यायला लागलं. घरी हळद भरली. मग गावात येणाऱ्या एकाने रोज एक सुई दिली, चार दिवस. ताप उतरेना, टाके उसवले. तेव्हा कुठे शहरातल्या रुग्णालयात नेलं. तिथे पू कल्चरला पाठवला, दोन-तीन दिवसांनी उत्तर आलं. डॉक्टरांनी घाईत नवऱ्याला सांगितलं, "नेहमीची औषधं हिला लागू होत नाहीत." त्याने अर्थ घेतला, की हा एड्ससारखा काहीतरी रोग आहे आणि आता इलाज नाही. सासू म्हणाली, "हिच्या अंगात काय शिरलंय कुणास ठाऊक, लेकराला लागंल." लेकरू काढून घेतलं आणि वरच्या दुधावर ठेवलं. तिचं ताट वेगळं, पाणी वेगळं. मुलीला न विचारता माहेरी निरोप गेला, की तुमची पोरगी तुम्ही सांभाळा.

तिची आई शेतमजूर. रोज बुडवून वॉर्डात येऊन बसली. त्या वॉर्डातल्या एका सिस्टरने तिला हात कसे धुवायचे ते शिकवलं. ड्रेसिंगला हात न लावता मुलीला कसं उठवायचं, घाण कापूस कुठे टाकायचा, तेही दाखवलं. नवऱ्याला समोर बसवून सिस्टरने सांगितलं, की नेहमीची औषधं चालत नाहीत, पण दुसरी चालतात. ती चाललीही. जखम भरायला काही आठवडे लागले. लेकरू आईकडे आलं. पण ते यावं म्हणून आम्हा तिघी-चौघींना त्या घरी चार खेपा घालाव्या लागल्या. रोगापेक्षा घरच्यांच्या मनातल्या भीतीवर इलाज करायला जास्त दिवस लागले.

मैत्रिणींनो, इथे थांबून एक फरक नीट समजून घेऊ. विटाळ वेगळा आणि खबरदारी वेगळी. विटाळ माणसाला पाळतो, खबरदारी जंतूला पाळते. विटाळात आपण बाईला दूर बसवतो, तिचं ताट वेगळं करतो, तिच्याशी बोलत नाही, आणि हात मात्र धुवत नाही. खबरदारीत तिच्याजवळ बसतो, तिला जेवू घालतो, तिची जखम झाकून ठेवतो आणि तिला हात लावण्याआधी व लावल्यानंतर हात धुतो. एका खोलीत बसल्याने, बोलल्याने, एका पंगतीत जेवल्याने हा जंतू सहसा लागत नाही. पूने भरलेलं ड्रेसिंग, न धुतलेला हात, एकच टॉवेल, एकच वस्तरा यांतून तो लागतो. बाळंतीण, पाळी आलेली बाई, विशिष्ट जातीची माणसं, यांना विटाळाच्या नावाखाली दूर ठेवण्याची सवय आपल्या समाजात मुरलेली आहे. नव्या रोगाचं नाव आलं, की ती जुनी सवय वर येते. २०२० साली करोनात नर्सबायांना भाड्याच्या खोल्या सोडायला लावल्या, तेव्हाही हेच झालं.

याउलटचं उदाहरणही आपल्याकडे आहे. १८९७ साली पुण्यात प्लेग आला, तेव्हा सावित्रीबाई आणि त्यांचा डॉक्टर मुलगा यशवंत यांनी प्लेगच्या रुग्णांसाठी दवाखाना चालवला. मुंढव्याच्या महारवाड्यातल्या आजारी मुलाला सावित्रीबाईंनी पाठीवर घालून आणलं. त्यात त्यांना प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. त्या काळी प्लेगवर औषध नव्हतं. आज या जंतूवर औषध आहे, साबण आहे, हातमोजे आहेत. सावित्रीबाईंच्या लेकींनी आजाऱ्याजवळ जावं, आणि त्यासाठी जीव गमवायची वेळ त्यांच्यावर येऊ नये, एवढं तरी आपण मागू शकतो.

मग चांगली शुश्रूषा म्हणजे नेमकं काय? सिस्टरांकडून शिकले ते सांगते. रुग्णाला शक्य तर वेगळी खोली, नाहीतर वॉर्डाच्या एका कडेची खाट. तिचा तापमापक, रक्तदाबाचा पट्टा तिच्यापुरता. जवळ जाताना हातमोजे आणि अंगावर ॲप्रन, आणि ते काढल्यावर पुन्हा हात धुणं. मोजे घातले म्हणून हात धुणं माफ होत नाही. ज्यांच्या जखमा स्वच्छ आहेत त्यांचं ड्रेसिंग आधी, हिचं शेवटी. घाण कापूस-पट्टी पिवळ्या पिशवीत, हातमोजे लाल पिशवीत. चादर झटकायची नाही, गुंडाळून वेगळी न्यायची. खाटेचा कठडा, टेबल, दाराची कडी रोज पुसायची. हे औषध गोळीसारखं गिळायचं नसतं. व्हॅन्कोमायसिन शिरेतून द्यावं लागतं, निदान तासभर हळूहळू. घाईने सोडलं तर अंग लाल होतं, खाज सुटते, रक्तदाब उतरू शकतो. लघवी किती होते यावरही लक्ष लागतं. म्हणजे सिस्टरला त्या खाटेजवळ वेळ हवा.

नुसत्या हात धुण्याने किती फरक पडतो? १८४७ सालचं व्हिएन्ना शहर. तिथल्या मोठ्या रुग्णालयात बाळंतिणींचे दोन विभाग होते. एक डॉक्टर आणि त्यांच्या विद्यार्थ्यांचा, दुसरा सुईणींचा. डॉक्टरांच्या विभागात बायका जास्त मरत, म्हणून बायका हातापाया पडून सुईणींच्या विभागात जागा मागत. सेमेलवाइस नावाच्या डॉक्टरने शोध घेतला. विद्यार्थी शवविच्छेदन करून तसेच बाळंतिणीला तपासत होते. त्यांनी क्लोरीनच्या पाण्याने हात धुणं सक्तीचं केलं. एप्रिलमध्ये शंभरात १८ बायका मरत होत्या, जूनपासून हे प्रमाण दोनच्या आसपास आलं. तिथला जंतू वेगळा होता, पण वाट तीच, हातांची. आणि लक्षात घ्या, बायकांना हे आधी कळलं होतं. त्यांचं ऐकायला कुणी नव्हतं.

शुश्रूषा म्हणजे कातडीचं रक्षण, याचं उदाहरण आपल्या महाराष्ट्रात आहे. केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ ला तिथल्याच कर्मचाऱ्याने हल्ला केला. त्या १८ मे २०१५ पर्यंत, जवळजवळ ४२ वर्षं, अंथरुणावर होत्या. केईएमच्या परिचारिकांच्या एकामागून एक पिढ्यांनी त्यांना सांभाळलं. इतकी वर्षं पडून असलेल्या बाईची पाठ त्यांनी फुटू दिली नाही. २०११ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने या सेवेचं कौतुक केलं. पाठ फुटू न देणं म्हणजे कूस बदलणं, अंग पुसणं, कोरडं ठेवणं, दर काही तासांनी, दर दिवशी. याला कुठलंही यंत्र लागत नाही. माणसं लागतात.

आणि माणसंच नाहीत, हे आपलं खरं दुखणं आहे. भारतीय परिचर्या परिषदेचा निकष काय सांगतो? शिक्षण देणाऱ्या रुग्णालयात साध्या वॉर्डात तीन रुग्णांमागे एक परिचारिका, इतर रुग्णालयांत पाच रुग्णांमागे एक. मी रात्री वॉर्डात बसले आहे, एकटी सिस्टर आणि चाळीस खाटा पाहिल्या आहेत. तिने प्रत्येक रुग्णाआधी आणि नंतर हात धुवायचे म्हटलं, तर तिची रात्र नळावरच जाईल. मग एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर जंतू गेला, की ठपका तिच्यावर.

वॉर्डातली आपली भाषा पाहा. नर्सला सिस्टर म्हणतो, सफाईवालीला मावशी. ऐकायला गोड वाटतं. पण बहीण आणि मावशी म्हटलं, की त्यांनी मायेने करावं, वेळ मोजू नये, पगाराचं बोलू नये, असं आपण धरून चालतो. घरात तर तेही नाही. आजाऱ्याजवळ बसणारी बायको, आई, सून, नणंद यांचा बुडालेला रोज कुठल्याच हिशेबात धरला जात नाही. शिवाय तिला हातमोजे मिळत नाहीत, कारण ती कर्मचारी नाही. म्हणजे सर्वांत जास्त वेळ जखमेजवळ असणारी बाईच उघड्या हातांची.

हात धुवा हे सांगणं सोपं. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावं लागलं, हे आपण विसरलेलो नाही. पहिल्या गाडीत पाच लाख लिटर पाणी होतं. ज्या जिल्ह्याने हे पाहिलं, तिथे वॉर्डातल्या बेसिनला पाणी आहे का, साबण आहे का, हा प्रश्न क्षुल्लक नाही.

नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात २०२३ साली सप्टेंबर संपताना चोवीस तासांत २४ रुग्ण दगावले. त्यात १२ नवजात बालकं होती. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. ते मृत्यू या जंतूने झाले असं मी म्हणत नाही. मला आठवतं ते त्यानंतरचं दृश्य. एका खासदाराने अधिष्ठात्यांना कॅमेऱ्यासमोर शौचालय साफ करायला लावलं. सफाई हे रोजचं, पगाराचं, मानाचं काम आहे असं मानलं असतं, तर ती शिक्षा म्हणून कुणाला सुचली नसती. रिक्त जागा भरा, औषधं द्या, ही मागणी त्या दृश्यामागे झाकली गेली.

आता घरी काय करायचं ते लक्षात ठेवा. हा जंतू गोळीला दाद देत नसला, तरी साबणाला देतो. साधा साबण चालतो. बोटांच्या बेचक्या, नखं, अंगठा धरून निदान पाऊण मिनिट चोळा. वाहतं पाणी नसेल तर दुसरीने तांब्याने वरून पाणी ओता. आजारी बाईचा टॉवेल, चादर, कपडे वेगळे ठेवा, गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवा. जखम कोरड्या, स्वच्छ पट्टीने झाकलेली असू द्या. गळू दाबून फोडू नका, त्यातला पू डॉक्टरांनी काढायचा असतो. जखमेवर बिब्बा, चुना, तंबाखू, शेण, राख काही लावू नका. जखमेभोवतीची लाली पसरत असेल, ठणका वाढत असेल, पू येत असेल किंवा ताप चढला असेल, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

बाळंतिणीच्या छातीत गाठ आली, तर दूध नासलं म्हणून पाजणं तोडू नका. दूध साचलं की गाठ वाढते. बहुतेक वेळा पाजत राहणंच चांगलं. बोंडाजवळ चीर दिली असेल किंवा पू बाळाच्या तोंडात जाण्यासारखा असेल, तर डॉक्टर सांगतील तोवर त्या बाजूचं दूध हाताने काढा आणि दुसऱ्या बाजूने पाजा. आशाताई बाळंतपणानंतर ४२ दिवसांपर्यंत ठरावीक फेऱ्या करतात. त्या बाळाचं वजन पाहतात, तेव्हा त्यांना आईचे टाकेही दाखवा.

औषधाबाबत एवढंच. दरवेळी सुई मागू नका. कुणाच्या उरलेल्या गोळ्या घेऊ नका. डॉक्टरांनी सांगितले तितके दिवस घ्या, बरं वाटलं म्हणून मधेच सोडू नका. पाकिटावर उभी लाल रेघ असेल, तर ते औषध चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही. १ मार्च २०१४ पासून काही जंतुनाशकांच्या विक्रीची नोंद ठेवणं दुकानदारावर बंधनकारक आहे. पण हा दोष एकट्या बाईच्या माथी मारू नका. दवाखाना दूर, एसटी दिवसातून दोनदा, रोज बुडतो, म्हणून ती गावातल्या सुईवाल्याकडे जाते. जवळ दवाखाना आणि त्यात डॉक्टर असेल, तर तिला तिकडे जायची हौस नाही.

तेव्हा या मेळाव्यातून आपण चार मागण्यांचा ठराव करू. एक, तालुक्यातल्या प्रत्येक सरकारी दवाखान्यात वॉर्डाजवळ वाहतं पाणी आणि साबण. दोन, परिचारिकांच्या आणि सफाई कामगारांच्या रिक्त जागा भरा आणि सफाई कामगारांना हातमोजे, बूट द्या. तीन, रुग्णाजवळ बसणाऱ्या बाईला हातमोजे आणि दहा मिनिटांचं शिक्षण, तिला कळेल अशा भाषेत. चार, टाके पिकलेल्या बाईचा पू तपासायची सोय तालुक्याला, म्हणजे नमुना इथे घ्यायचा आणि लातूरला सरकारने पोचवायचा. बाईने तो पिशवीत घालून न्यायचा नाही.

आणि एक काम आपल्याकडे. आपल्या गावात अशी बाई घरी आली, तर तिच्या घरी दोघी-तिघींनी मिळून जायचं. घरच्यांसमोर तिच्याजवळ बसायचं, तिच्या हातचा चहा प्यायचा, आणि निघताना हात धुवायचे. विटाळ आणि खबरदारी यांतला फरक एवढ्याने घराला कळतो. ठराव वाचून दाखवते, हात वर करा.